तारीख नसलेलं पत्रक

संपादकांनी लेख मागताना बजावलं होतं, "तुमच्या कामातले अनुभव लिहा, पण तुम्ही नेमकं काय करता ते आधी वाचकाला कळू द्या." अट साधी दिसते, पण तीन वर्षं झाली, मी काय करतो ते माझ्या आईलाही नीट सांगता येत नाही. शेजारणीनं विचारलं की ती म्हणते, "संगणकात हाय." जणू मी आतच राहायला गेलोय.

नियुक्तिपत्रावर माझं पद आहे, डिजिटल कौशल्य समुपदेशक. एका सेवाभावी संस्थेची दोन केंद्रं आहेत, एक नांदेडला आणि एक लातूरला. आठवड्याचे तीन दिवस मी इकडे, तीन दिवस तिकडे. दोन्हीकडे एक खोली, बारा संगणक आणि भिंतीवर संस्थापकांचा हार घातलेला फोटो. संस्थापक हयात आहेत. वाढदिवसाला घातलेला हार काढायचा राहून गेलाय, एवढंच.

आता काम. कुणाला आयटीत जायचं असतं. वर्ग लावायला पुण्याला जाणं जमत नाही, म्हणून तो घरबसल्या व्हिडिओ बघून शिकायचं ठरवतो. मोबाइलवर शोधतो आणि शिकवायला तयार असलेली पन्नास ठिकाणं एकदम अंगावर येतात. प्रत्येकाचा शिक्षक जगात एक नंबर, प्रत्येकाची सवलत आज संपणारी. हा माणूस गांगरून आमच्या खोलीत येतो आणि विचारतो, "सर, ह्यातलं कुठलं बघू?" ते सांगण्यासाठी संस्था मला पगार देते. म्हणजे बाजारात गेलेल्या माणसाला भाजी निवडून देणारा जसा एखादा हुशार शेजारी असतो, तो मी.

निलंग्याहून एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. मी अर्धा तास ह्या व्हिडिओचे फायदे, त्या व्हिडिओचे तोटे असं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"ह्यातला कोणता मास्तर मारतो?"

"काका, व्हिडिओत कसं मारतील?"

"मग पोरगं शिकंल कसं?" ते उठले. "तुमचं सगळं बरोबर हाय सर, पण मेन गोष्टच न्हाई ह्यात."

मी हसलो होतो. आता तेवढं हसू येत नाही. मारणं सोडा, पण समोरचा शिकतोय की नुसता बघतोय हे विचारणारं कुणीतरी हवं, एवढं त्यांचं म्हणणं रास्तच होतं.

माझ्या काम करण्याच्या पद्धतीचं मूळ उदगीरला आहे. माझे वडील, अण्णा, तिथल्या एका छोट्या छापखान्यात खिळे जुळवणारे कंपोझिटर होते आणि मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, हमालांच्या संघटनेची पत्रकं लिहीत. लिहीत, जुळवत, छापत आणि रविवारी वाटत. मी अक्षरं शिकलो ती पाटीवर नव्हे, उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. पाचवीत असताना मी शाळेच्या प्रार्थनेनंतर "पिण्याच्या पाण्याची टाकी धुतलीच पाहिजे" असं हस्तलिखित पत्रक वाटलं होतं. टाकी धुतली गेली. मलाही धुतलं गेलं.

पत्रकाचे अण्णांचे नियम पक्के होते. एकच पान, एकच बाजू. एसटी लागायच्या आत उभ्याउभ्या वाचून झालं पाहिजे. शत्रूला टोपणनाव द्यायचं, ते लक्षात राहतं. खाली शेवटची ओळ: वाचा आणि पुढे द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पत्रकावर तारीख टाकायची नाही.

"तारीख टाकली की कागद शिळा होतो," अण्णा म्हणायचे. "मागणी शिळी होत न्हाई. उरलेले गठ्ठे पुढच्या साली वापरता येतात."

हे सगळं रक्तात घेऊन मी नोकरीला लागलो. पहिल्याच महिन्यात मला दिसलं की जिल्ह्यातल्या शिकू पाहणाऱ्यांची राजरोस दिशाभूल चाललीय. रागानं मी झपाटून गेलो. लातूरच्या खोलीत मी तीन प्रकारच्या व्हिडिओंची परीक्षा घेतली. माझी रीत साधी होती. इंग्रजी जेमतेम येणारी तीन माणसं पडद्यासमोर बसवायची, प्रत्येक ठिकाणचा पहिला धडा लावायचा आणि व्हिडिओ मागं नेण्यासाठी त्यांचा हात किती वेळा जातो ते मोजायचं. हात कमी गेला की शिक्षक बरा. शिवाय व्हिडिओ मोबाइलवर उतरवून घेता येतो का, म्हणजे वीज आणि नेट गेल्यावरही बघता येईल. स्वतः करून बघायला काही देतात का. सरावाचे प्रश्न आहेत का.

मग पत्रक लिहिलं. मथळा: कोणता व्हिडिओ कोणाच्या हिताचा? नियमाप्रमाणे टोपणनावं दिली. फुकट शिकवणाऱ्याला 'सदावर्त'. महिन्याची वर्गणी घेणाऱ्याला 'खानावळ', कारण जेवा की नका जेवू, महिना मोजला जातो. आणि एकेक कोर्स विकणाऱ्याला 'सेल', कारण त्याची सवलत रोज आजच संपते. तत्त्वानं मी सदावर्ताच्या बाजूचा. तो एक साधा माणूस होता, घरच्या टेबलाशी बसून नेटवर्कचं सगळं शिक्षण जगाला फुकट वाटत होता. त्याच्या नावापुढं मी तीन चांदण्या काढल्या आणि थेट त्याच्या व्हिडिओंकडे नेणारा चौकोनी कोड छापला. सेलवर मात्र तुटून पडलो. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं: "प्रत्येक व्हिडिओखाली 'गेल्या महिन्यात सुधारित' असं लिहून ग्राहकाला घाबरवायचं, हा नव्याचा हव्यास ज्ञानाचा नव्हे, धंद्याचा आहे!" उद्गारचिन्ह माझंच.

पत्रक गाजलं. नांदेडला झेरॉक्सच्या दुकानात ते भिंतीला लागलं. लोक कोपऱ्यात उभं राहून वाचायचे आणि हसायचे. खानावळ, सदावर्त हे शब्द पोरांच्या तोंडी बसले. मी अण्णांना फोन केला. "तारीख टाकली न्हाईस ना?" त्यांनी विचारलं. मी अभिमानानं नाही म्हणालो.

ते पत्रक आणखी लांब पसरवलं देवीदासकाकांनी. माहूरला गडाच्या पायथ्याशी त्यांचं नारळ, कुंकू, प्रसादाचं दुकान आहे. साठी ओलांडल्यावर त्यांना संगणकाचा नाद लागला आणि ते महिन्यातून एकदा नांदेडला आमच्या केंद्रावर यायचे. कोर्सचे व्हिडिओ ते दुप्पट वेगानं लावत, शेजारी दुसरा संगणक लावून दुसरा कोर्सही चालू ठेवत. व्हिडिओ संपला की एक छानसं प्रमाणपत्र उमटतं. काका ते छापून, फ्रेम करून दुकानात देवीच्या फोटोशेजारी टांगत. क्लाउड, सायबर सुरक्षा, डेटा, सगळं होतं भिंतीवर.

मी त्यांना एकदा समजावलं, आणि वाचकांनाही सांगतो, कारण इथं शहाणी माणसंही फसतात. व्हिडिओ संपल्यावर मिळतं ते पंगतीला बसल्याचं प्रमाणपत्र. तुम्ही जेवलात का, पचलं का, ते त्याला ठाऊक नसतं. नोकरी देणारा मागतो ते प्रमाणपत्र वेगळं. त्यासाठी दुसऱ्याच संस्थेची परीक्षा द्यावी लागते, परीक्षाकेंद्रावर जाऊन, कॅमेऱ्यासमोर बसून.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे हे खोटं का?"

"खोटं नाही काका. पण खरंही नाही."

"मग राहू द्या टांगलेलं," ते म्हणाले. "दुकानातली निम्मी वस्तू तशीच हाय."

ह्या काकांना माझं पत्रक इतकं आवडलं, की त्यांनी आपल्या खर्चानं गठ्ठाभर प्रती काढल्या आणि प्रसादाच्या पिशवीत एकेक घालायला सुरुवात केली. मला ते नंतर कळलं. मी विवेकवादी माणूस. देवळाच्या पायरीला मी उभा राहिलो तो फक्त चप्पल सांभाळायला. माझं पत्रक रेणुकादेवीचा प्रसाद म्हणून वाटलं जातंय हे ऐकून मी आधी चिडलो, मग मनातल्या मनात सुखावलो. एवढा खप अण्णांच्याही पत्रकाला कधी मिळाला नव्हता.

एका सोमवारी लातूरच्या केंद्रावर शारदाताई आल्या. खरं तर सोमवारी मी नांदेडला असतो, त्या दिवशी दुरुस्तीच्या कामासाठी थांबलो होतो. चाळिशीच्या जवळची बाई, गळ्यात रुग्णालयाचं ओळखपत्र. त्या एका खाजगी रुग्णालयात केसपेपर काढतात, अकरा वर्षं झाली. तिथं नेट बंद पडलं की रुग्णांची रांग दारापर्यंत जायची आणि कंपनीचा माणूस सोलापूरहून दोन दिवसांनी यायचा. कंटाळून ताई स्वतःच बघायला लागल्या, कुठल्या पेटीतला दिवा विझलाय, कुठली वायर सैल आहे. हळूहळू पूर्ण इमारतीचं जाळं त्यांना तोंडपाठ झालं. आता रुग्णालयानं नवी इमारत बांधली आणि नेटवर्क सहायकाची कायम जागा काढली. ताई आयत्याच होत्या. पण व्यवस्थापक म्हणाले, जागा प्रमाणित उमेदवारालाच, आणि प्रमाणपत्र दाखवायला पाच महिन्यांची मुदत. ती ह्या महिनाअखेरीला संपत होती. जे काम ताई अकरा वर्षं करत होत्या, ते त्यांना येतं ह्याचा कागद ताईंकडे नव्हता.

त्यांनी चार महिने अभ्यास केला. ड्यूटी संपवून, बसमध्ये, स्वयंपाक करताना मोबाइल डब्याला टेकवून. सुट्टी काढून हैदराबादला जाऊन परीक्षा दिली. निकाल तिथंच पडद्यावर येतो. नापास.

"मला वाटलं, माझ्याच डोक्यात बसंना," ताई म्हणाल्या. "पण सर, निम्मे प्रश्न असे होते की त्या माणसानं ते नावसुद्धा कधी घेतलं न्हाई. म्या एकूण एक व्हिडिओ दोनदा बघितलेत."

"कुणाचे व्हिडिओ?"

त्यांनी पर्समधून चौपदरी घडी काढली. घडीच्या रेघेत कुंकू अडकलेलं होतं. प्रतीची प्रत, तिची प्रत, अक्षरं कडेनं झिजलेली, पण मथळा स्पष्ट होता. कोणता व्हिडिओ कोणाच्या हिताचा?

"माहूरला गेलते तवा प्रसादात मिळालं. देवीकडचा कागद, फेकावा कसा? देव्हाऱ्यात ठेवला होता. जागा निघाली तवा आठवला. म्हटलं, देवीनंच सांगितलंय कुठलं बघायचं ते."

मी तेव्हाही सुखावलो, हे कबूल केलं पाहिजे.

"तुम्हीच लिवलंय का हे?"

"हो," मी म्हणालो. जरा ताठ बसूनच.

"मग कधी लिवलंय?"

मी कागद उलटून बघितला. मागची बाजू कोरी होती. मला स्वतःला आठवेना. संगणकात मूळ फाइल शोधली तेव्हा कळलं, दोन वर्षं उलटून गेली होती.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. ह्या परीक्षा घेणाऱ्या संस्था दर काही वर्षांनी अभ्यासक्रम बदलतात. परीक्षेचं नाव तेच राहतं, क्रमांक बदलतो. जुनी परीक्षा बंद होते. माझ्या चौकोनी कोडमागचे व्हिडिओ बंद झालेल्या परीक्षेचे होते. सदावर्तवाल्या भल्या माणसानं नव्या परीक्षेचे वेगळे व्हिडिओ केव्हाच टाकले होते. माझा कोड मात्र इमानानं जुन्याकडे नेत होता. इतक्या झेरॉक्सनंतर तो चालायला नको होता. चालत होता.

"नाव भरताना नंबर व्हिडिओतल्यापेक्षा वेगळा दिसला होता," ताई म्हणाल्या. "मला वाटलं हॉलतिकिटाचा असंल." मग त्यांनी पत्रकातल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि सावकाश वाचलं, "'गेल्या महिन्यात सुधारित' असं लिहून ग्राहकाला घाबरवायचं..." त्यांनी वर बघितलं. "सर, म्या रोज शंभर केसपेपर काढते. कागदावर तारीख नसंल तर आमचा डॉक्टर साधी गोळी देत न्हाई."

मी पाणी प्यायलो. मग म्हणालो, दुसऱ्या परीक्षेची फी मी भरतो.

"फी राहू द्या. महिना संपायला बारा दिवस हायत. आता कुठलं बघू तेवढं सांगा. पण ह्या वेळी तारीख बघून सांगा."

त्या बारा दिवसांत मी माझं काम पहिल्यांदा नीट केलं. नव्या परीक्षेचा अभ्यासक्रम परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर यादीच्या रूपात फुकट मिळतो. तो छापला. त्याच्याशेजारी तिन्ही ठिकाणच्या धड्यांची नावं ठेवली आणि ताईंनी लाल पेनानं जुळवायला घेतली. दोन नोंदी जुळतात की नाही हे बघण्यात त्यांचा हात कोण धरणार? मला ज्याला एक तास लागला असता ते त्यांनी वीस मिनिटांत केलं. शंभरातले साठ मुद्दे त्यांना येतच होते, कारण ते त्या रोज हातानं करत होत्या. नवे मुद्दे तेवढे शिकायचे होते.

आणि ते नवे मुद्दे सगळ्यात नेटके कुठं होते? सेलमध्ये. प्रत्येक व्हिडिओखाली तारीख होती. मी ती पानं ताईंसमोर उघडली तेव्हा त्यांनी जुनं पत्रक पर्समध्येच राहू दिलं, हा त्यांचा मोठेपणा. फक्त एकदा म्हणाल्या, "हाच का तो धंदेवाला? बराय की हो, निदान ताजं तरी देतोय."

"धंदाच आहे तो," मी म्हणालो. माझी तत्त्वं अजून श्वास घेत होती.

"व्हय. पण दूधवालाबी धंदाच करतो. कालचं दिलं तर आपण घेताव का?"

निलंग्याच्या काकांना हवा असलेला मास्तरही मी झालो. रोज संध्याकाळी ताईंना फोन करून पाच प्रश्न विचारायचो. चुकलं तर मारायची सोय नव्हती. पण फोन येणार म्हणून त्या धडा पूर्ण करून बसायच्या. एकदा त्यांनी मलाच उलट प्रश्न विचारला आणि मला उत्तर आलं नाही. "बसा उद्या अभ्यासाला," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

महिना संपायला दोन दिवस असताना ताई परत हैदराबादला गेल्या. दुपारी फोन आला. मागं रस्त्याचा गोंगाट होता.

"झालं," त्या म्हणाल्या.

"काय झालं? पास?"

"मग काय नापास झाल्यावर फोन केला असता का?"

ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. त्यांना ते सहज म्हणायचं होतं. पण मला त्या संध्याकाळी आनंदाबरोबर दुसरंच काही सुचायला लागलं. नापास झालेला माणूस फोन करत नाही. पत्रकाला दोष देत नाही, लिहिणाऱ्याला शोधत येत नाही. तो स्वतःला दोष देतो, "माझ्याच डोक्यात बसंना" म्हणतो आणि गप्प घरी बसतो. एक शारदाताई आल्या. जे आलेच नाहीत, ते किती?

पुढच्या रविवारी मी माहूरला गेलो. देवीदासकाकांना म्हणालो, "काका, ती पत्रकं परत द्या. चुकीची आहेत."

"परत?" काका नारळ सोलता सोलता थांबले. "सर, प्रसाद परत घेत न्हाईत."

"निदान कुणाला दिली ते सांगा."

"देवीला येणाऱ्याला दिली. कोण कुठून आलं, म्या काय रजिस्टर ठेवतो?" मग माझं तोंड बघून त्यांनी उरलेला गठ्ठा काढून दिला. "घ्या. पण एवढ्या चांगल्या कागदाला काय झालं?"

काय झालं ते सांगितल्यावर ते भिंतीकडे गेले आणि एक-एक फ्रेम उतरवून तिच्या कोपऱ्यात काहीतरी बघायला लागले. "ह्याच्यावर तारीख हाय सर," शेवटी ते म्हणाले. "खोटी असतील, पण ताजी कधी होती ते कळतंय."

नांदेडच्या झेरॉक्सच्या दुकानातलं पत्रक मी स्वतः खरवडून काढलं. मग नवं लिहिलं. टोपणनावं तीच, चांदण्या गायब. परीक्षेचा क्रमांक मोठ्या अक्षरात. सगळ्यात वर तारीख आणि त्याखाली: सहा महिन्यांनंतर हा कागद फेकून द्यावा, कुठूनही मिळालेला असला तरी. शेवटची ओळही बदलली. वाचा, तारीख बघा, मगच पुढे द्या.

पहिली प्रत उदगीरला अण्णांकडे नेली. त्यांनी चष्मा लावला आणि तारखेवर बोट ठेवलं. मी सगळी हकिगत सांगितली. मला वाटलं रागावतील. त्यांचा नियम मी मोडला होता.

ते उठले आणि माळ्यावरून हमालांच्या पत्रकांचा एक गठ्ठा काढला. कागद पिवळे पडले होते. मागण्या मी लहानपणी पाठ केलेल्या: गोदामात पिण्याचं पाणी, बसायला सावली, पोत्याचं वजन कमी. एकही मागणी शिळी झालेली नव्हती, कारण एकही पुरती मान्य झालेली नव्हती.

"ह्याच्यावर तारीख टाकली असती," अण्णा म्हणाले, "तर किती वर्षं झाली ते तरी दिसलं असतं." आणि खिशातलं पेन काढून, आठवून आठवून, एकेका कागदावर साल लिहायला बसले.

शारदाताई आता रुग्णालयाच्या नव्या इमारतीत नेटवर्क सहायक आहेत. माझं नवं पत्रक त्यांनी तिथल्या फलकावर लावलं होतं, कारण दोन परिचारिका आणि एक वॉर्डबॉय अभ्यासाला लागले होते. परवा सकाळी मी लातूरच्या केंद्राचं कुलूप उघडत होतो तेवढ्यात त्यांचा फोन आला.

"सर, आज तुमच्या पत्रकाला सहा महिने झाले."

मला आठवण नव्हती, हेही कबूल केलं पाहिजे. "अरे हो. काढून टाका ताई ते. मी ह्या आठवड्यात नवं लिहितो."

"काढलंय सकाळीच," त्या म्हणाल्या. "म्या विचारायले न्हाई, सांगायले."